मदत हवी आहे: सेलिंगला येणारी मुलं होडीत शहाणी, काठावर आल्यावर काय करायचं?

मंडळी, मी एका छोट्या सेलिंग ग्रुपमध्ये स्वयंसेवक आहे. आमच्याकडे एक संस्था १३ ते १७ वयाची मुलं पाठवते, कोणी शाळा सोडलेली, कोणी पोलिसांपर्यंत जाऊन आलेली, काहींच्या घरी सगळाच आनंदीआनंद. सेलिंग शिकवणं जमतं, त्याबद्दल विचारत नाहीये. घोडं अडतंय ते बाकीच्या वेळेत.

होडीत ही पोरं खरंच वेगळी वागतात हो. दोघांची डिंगी (छोटी शिडाची होडी) असते, एकाकडे टिलर (सुकाणूचा दांडा), दुसऱ्याकडे पुढचं छोटं शीड. टॅक मारायच्या, म्हणजे वाऱ्याच्या तोंडातून होडी दुसऱ्या बाजूला वळवायच्या आधी "रेडी?" विचारायचं आणि समोरून "रेडी" आल्याशिवाय टिलर ढकलायचा नाही, कारण बूम (शिडाच्या खालचा आडवा दांडा) डोक्यावरून जाणार असतो. एरवी कोणाच्या बापाचं न ऐकणारा पोरगा तिथे निमूट थांबतो, कारण नाही थांबला तर दोघंही पाण्यात. मला ओरडावं लागत नाही. वाऱ्याच्या तोंडावर सरळ जाता येत नाही, दोन्हीकडे साधारण ४५ अंश सोडून नागमोडी जावं लागतं, हे एकदा कळलं की त्यावर वाद नाही. माझ्याशी मात्र लाइफ जॅकेट कुठल्या खुंटीला टांगायचं यावरूनही वाद!

आता मुद्द्याचं. एक १५ वर्षांचा मुलगा आहे, नाव नको. मुद्दाम होडी पालथी करून सरळ करायचा सराव चालू होता. जोडीदार आतल्या बाजूला घाबरून तरंगत होता तर हा पलीकडे सेंटरबोर्डवर (होडीच्या तळातून खाली निघणारी फळी) चढला आणि होडी सरळ होईपर्यंत "मी आहे ना, दोरी सोडू नको" असं सारखं ओरडून त्याच्याशी बोलत राहिला. हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. आणि त्याच संध्याकाळी ह्याच पोराने दुसऱ्याच्या बॅगेतून इअरफोन काढले, पकडला गेल्यावर ढकलाढकली, शिवीगाळ, सगळं झालं. आमच्या को-ऑर्डिनेटरचं म्हणणं, पुढची काही सेशन्स बंद. मला वाटतं जी एक जागा त्याला जमतेय तीच काढून घेतली तर उरतं काय, पण काहीच केलं नाही तर बाकीची पोरं काय शिकणार?

दुसरं, बॅच संपली की आमचा संबंधच संपतो. एकाकडे माझा नंबर आहे, रात्री मेसेज येतात, उत्तर द्यावं की नाही कळत नाही.

तिसरं, एक सहकारी म्हणतात मोठ्या वाऱ्यात काढा, तंतरली की सरळ होतील. मला हे अजिबात पटत नाही पण मुद्देसूद उत्तरही देता येत नाही.

उलटावारा: दोन गोष्टींची गल्लत होतेय. पाण्यावरचा सेफ्टीचा नियम मोडला, जॅकेट काढलं, जोडीदाराला मुद्दाम पाडलं, तर त्या दिवशी पाणी बंद, तिथल्या तिथे, चर्चा नाही. पण काठावरची चोरी ही काठावरच निस्तरायची. ज्याचे इअरफोन घेतले त्याला परत द्यायचे, तोंडाने बोलायचं, आणि मोठं कोणीतरी सोबत बसायचं. होडी ही बक्षीस म्हणून द्यायची नाही मग शिक्षा म्हणून काढायचीही नाही. अगदीच तापला असेल तर त्या दिवशी सेफ्टी बोटीत इन्स्ट्रक्टरशेजारी बसवा, घरी पाठवू नका. आणि बोलायचं तर समोरासमोर खुर्ची टाकून नको. दोघं मिळून शिडाची घडी घाला, होड्यांवर गोडं पाणी मारा, हात कामात असले की पोरं आपोआप बोलतात.

काठावरचा_काका: तुमच्या सहकाऱ्यांसाठी: अमेरिकेत पोरांना तुरुंगात नेऊन कैद्यांकरवी दम द्यायचे कार्यक्रम चालायचे, स्केअर्ड स्ट्रेट म्हणून. नंतर नीट चाचण्या एकत्र करून बघितलं तर अशा कार्यक्रमात गेलेली मुलं न गेलेल्यांपेक्षा जास्त गुन्हे करताना दिसली. त्यात थंड पाणी असेल तर पहिल्या मिनिटातच श्वास अडखळतो, घाबरलेल्या पोराला तिथे शिकवणार काय डोंबल!

बॅच संपण्याबद्दल. ग्रॉसमन आणि ऱ्होड्स यांचा २००२ चा अभ्यास आहे, मेंटरशी नातं वर्षभर किंवा जास्त टिकलं तिथे फायदा सगळ्यात जास्त, तीन महिन्यांच्या आत तुटलं तिथे मुलांचा आत्मविश्वास उलट घसरला. म्हणजे अर्धवट जीव लावण्यापेक्षा पहिल्याच दिवशी सांगा की मी अमुक तारखेपर्यंत आहे, नंतर तमुक माणूस असेल. रात्रीचे मेसेज एकट्याने सांभाळू नका, ग्रुपचा नंबर ठेवा जो दोन मोठ्यांना दिसतो. घरच्या मारहाणीबद्दल वगैरे काही सांगितलं तर "कोणाला सांगणार नाही" असं वचन चुकूनही देऊ नका, संस्थेत बालसुरक्षेची जबाबदारी ज्यांच्यावर आहे त्यांना लगेच कळवा.

गाठ_सुटेना: वरच्यांशी सहमत, फक्त एक भर. नुसती अडचणीतली पोरं एकत्र केली की ती एकमेकांच्याच फुशारक्यांवर हसतात आणि तेच वाढतं. इतर मुलांच्या बॅचमध्ये मिसळा, कोण कुठून आलंय हे इन्स्ट्रक्टर सोडून कोणाला कळायची गरज नाही. आणि बॅचनंतर काम द्या राव. नवीन पोरांना गाठी शिकवणं, रिगिंग (शीड-दोऱ्या चढवणं), जमलं तर सेफ्टी बोटीवर मदतनीस. ज्याला उद्या कोणीतरी शिकवायचंय तो येतोच.

धागाकर्ता: सगळ्यांचे आभार, नंबरचं आजच बोलतो. को-ऑर्डिनेटरना उलटावारा यांचं म्हणणं वाचून दाखवलं, सेशन्स बंद न करण्यावर तयार झालेत. पण आता नवीनच पेच, ज्याचे इअरफोन गेले तो म्हणतो मी ह्याच्यासोबत एका होडीत बसणार नाही. इअरफोन परत मिळालेत, हा सॉरीही म्हणालाय. त्या मुलाचंही चुकत नाही, होडीत विश्वास नसेल तर "रेडी" कोणाच्या भरवशावर म्हणणार? जोड्या बदलून विषय संपवावा का थोडं थांबून दोघांना परत एकत्र बसवायचा प्रयत्न करावा? असं कोणी केलंय का?