देशातल्या देशात ऐशआरामी प्रवास : परवडतो का, आणि करावा का?

मांडवी :
आईची पंचाहत्तरी होती. भाऊ म्हणाला, युरोप करू. मी उदयपूरचा हट्ट धरला. पिछोला तलावातला जगनिवास महाल, म्हणजे आताचं लेक पॅलेस, तिथे दोन रात्री. महाराणा जगतसिंह दुसरे यांनी १७४०च्या दशकात बांधलेला, १९६३पासून हॉटेल. चहूकडे पाणी, त्यामुळे जायचं ते होडीनेच. आईचे गुडघे धड नाहीत. होडीतून उतरताना तिथल्या एकाने दोन्ही हात धरून तिला अलगद वर घेतलं.

रात्री तिला पंचपक्वान्न नको होतं, दूधभात हवा होता. भात किती मऊ हवा ते तिने आपल्या मोडक्या हिंदीत स्वतःच समजावलं, आणि तस्साच आला, शेजारी लिंबाचं लोणचं. परदेशात तिला हे माझ्या तोंडून मागावं लागलं असतं. उदयपूरला ती दोन दिवस कुणावर अवलंबून नव्हती. माझ्या मते पैसे त्याचे मोजले, संगमरवराचे नव्हेत.

सह्यभटका :
आईसाठी केलंत ते मनापासून आवडलं. पण याचा नियम करू नका. ७,५०० रुपयांच्या वर खोलीचं भाडं गेलं की १८ टक्के जीएसटी. तुमच्या दोन रात्रींच्या पैशांत माणूस आठवडाभर व्हिएतनाम फिरून येतो. आणि अशा ठिकाणी गाव दिसतच नाही. कोकणात एका महागड्या रिसॉर्टला राहिलो होतो. सोलकढी बाटलीतली! कुंपणापलीकडच्या अंगणात कोकमं वाळत घातलेली खिडकीतून दिसत होती. दुसऱ्या दिवशी त्या घरी जाऊन जेवलो, तेव्हा कुठे कोकणात आल्यासारखं वाटलं.

मारवाडची सून :
रिसॉर्ट आणि राजवाडा एका मापाने मोजू नका. मी जोधपूरला दिलेली. इथला उमेद भवन दुष्काळी काम म्हणून १९२९ला सुरू झाला, १९४३ला पुरा झाला. हजारो हातांना त्यातून मजुरी मिळाली. आज एका भागात राजघराणं राहतं, एका भागात हॉटेल, एका भागात संग्रहालय, तिथे तिकीट काढून कुणीही जाऊ शकतं. ३४७ खोल्यांची वास्तू नुसत्या अभिमानावर उभी राहत नाही, पाहुण्यांच्या पैशावर राहते. माझ्या माहेरच्या गावातला वाडा बघा. सागवानी खांब विकले गेले, आता चौथरा उरलाय.

सासवडकर :
मी अशाच एका मोठ्या हॉटेलात सहा वर्षं हाउसकीपिंगला होतो. नाव सांगत नाही. वास्तू टिकते हे खरं, पण माणसं कंत्राटावर. सीझन संपला की घरी.

मांडवीताई, तुमचा भाषेचा मुद्दा मला मात्र उलटा अनुभवाला आला. परदेशी पाहुणा चादर बदलल्यावर थांबून आभार मानायचा. आपली भाषा बोलणारे म्हणायचे, ‘ए, इकडे ये.’ बाथरूममध्ये ओला टॉवेल पायाने माझ्याकडे सरकवलेला मी विसरलेलो नाही. भाषा एक असली म्हणजे माणूस दिसतोच असं नाही.

सह्यभटका :
हे वाचून गलबलून आलं. घरगुती राहण्याची सोय मी धरतो ती यासाठीच. मालकीण समोर बसून वाढते, तिला ‘ए’ म्हणायची कुणाची छाती होत नाही.

मारवाडची सून :
पण त्या माउलीच्या घरी संडास अंगणाच्या टोकाला असेल आणि पाहुणीचे गुडघे गेलेले असतील, तर? म्हातारपणी सोय ही चैन नसते.

मांडवी :
पैशांबाबत मी माझ्या मतावर ठाम आहे. पण सासवडकरदादा, तुमचं वाचून आठवायला बसले, आईला होडीतून घेणाऱ्याचं नाव काय? मी विचारलंच नव्हतं. आत्ता आईला फोन केला. तिला नाव, गाव सगळं पाठ. झाडोलकडचा आहे, दोन मुली, धाकटीला यंदा शाळेत घातलीय. होडी काठाला लागेपर्यंत त्या दोघांचं एवढं बोलणं झालं होतं, आणि मी फोटो काढत होते.