मदत हवी आहे: ऐरोली ते मालवण किनाऱ्याने, जेट्ट्या कुठल्या घ्यायच्या?

खाडीकाठ: नाताळच्या सुट्टीत ऐरोलीहून मालवणला गाडीने निघतोय, किनाऱ्याच्या रस्त्याने, खाड्या जेट्टीने म्हणजे गाडीसकट फेरीबोटीने ओलांडत. जाऊन-येऊन चार दिवस. मॅप ११-१२ तास दाखवतोय, म्हणजे दोन दिवसांत आरामात पोचायला हवं. जेट्ट्या कुठल्या आणि पहिला मुक्काम कुठे, एवढंच सांगा. आज रात्रीच बुकिंग करायचंय, खोल्या संपत चालल्यात.

कातळसडा: दोन दिवसांत नाही होणार. मॅपला जेट्टीची रांग कळत नाही. वेसवी, दाभोळ, तवसाळ, सुट्टीत प्रत्येक ठिकाणी तासभर धरा. मधल्या रस्त्यावर ताशी ३०ची सरासरी मिळाली तरी पुष्कळ, कारण दर खाडीला खाली उतरायचं आणि पलीकडे पुन्हा सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर चढायचं. गाडी कोणती? माणसं किती? तारीख?

घाटवाट: किनाऱ्याचा हट्ट सोडा. पहाटे ४ला निघा. पनवेल, महाड, कशेडीचा बोगदा, चिपळूण, कणकवली, कसाल, मालवण. संध्याकाळी पोचाल, मधले दोन दिवस तिथेच राहा.

कातळसडा: आणि हायवेवरून बघायचं काय? हरिहरेश्वरचा काळा खडक, आंजर्ल्याची खाडी, गुहागरच्या नारळ-पोफळीच्या वाड्या, जयगडचा जांभ्याचा उघडा सडा, सगळं किनाऱ्याला. त्यांनी किनारा विचारलाय.

खाडीकाठ: वाद नको, वेळ नाही. आम्ही चौघं, आईबाबा धरून. इलेक्ट्रिक गाडी, ४५ युनिटची बॅटरी. एकादशीला निघतोय, आईचा उपास असतो म्हणून लक्षात आहे.

विजेचा खांब: इलेक्ट्रिक आहे हे पहिल्या ओळीत हवं होतं. फास्ट चार्जरचा भरवसा हायवेवरच धरा, चिपळूण-महाड पट्ट्यात. किनाऱ्यावर रात्री मुक्कामीच चार्ज करायचं. खोली घेण्याआधी विचारा: १६ अँपिअरचा पॉवर पॉइंट आहे का, अर्थिंग आहे का, गाडी त्याच्या जवळ लागते का. अर्थिंग नसलं की पोर्टेबल चार्जर लाल दिवा दाखवून थांबतो. तासाला ३ युनिटच्या थोडं वर जातात, म्हणजे २० टक्क्यांवरून ९०ला साधारण १० तास. त्याच लाइनवर गिझर लावला की एमसीबी पडते आणि सकाळी गाडी रिकामी. घरातलं साधं एक्स्टेन्शन नको, किमान २.५ स्क्वेअर एमएम तांब्याची वायर हवी, आणि ती पूर्ण उलगडून टाका. गुंडाळी ठेवली की तापते.
चढाचा हिशोब: माणसांसकट दोन टन गाडी २०० मीटर चढली की एक युनिट जादा. उतरताना बरंचसं परत येतं.

वाफाळ भात: हर्णैचा लिलाव संध्याकाळचा गाठा. थर्माकोलची पेटी न्या, मासळीइतकाच बर्फ घाला, खाली-वर थर लावून.

घाटवाट: चार दिवसांच्या प्रवासात मासळी कुठे सांभाळणार? एकादशीचं लिहिलंय त्यांनी.

नाखवा: एकादशी कळली ते बरं झालं. तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. ११ची पाऊणपट सव्वाआठ, सकाळी आणि रात्री. त्यानंतर सव्वासहा तासांनी ओहोटी, म्हणजे दुपारी अडीच. थोडं मागेपुढे होतं, पण आखणीला पुरतं.
हरिहरेश्वरची प्रदक्षिणा समुद्राकाठच्या खडकावरून आहे, ती ओहोटीलाच होते. दुसऱ्या दिवशी द्वादशी, भरती सकाळी ९ला, तेव्हा खडकावर उतरता येणार नाही. म्हणून पहाटे ५ला निघा, अलिबाग टाळा, वडखळला अडकाल. माणगाव-म्हसळा करून थेट हरिहरेश्वर, साधारण १८० किमी. माणगावची बाजारपेठ ८च्या आत ओलांडा. दुपारी प्रदक्षिणा, मुक्काम तिथेच.
दुसऱ्या दिवशी बागमांडल्याहून वेसवीला उतरा. दाभोळला ३च्या सुमारास ओहोटी असेल, धक्क्याचा खालचा शेवाळी उतार उघडा पडतो. चाकं सरळ ठेवून हळू उतरवा. गुहागरला मुक्काम.
त्रयोदशीला भरती पावणेदहाला. पावणेनऊला गुहागर सोडलं की हेदवीची बामणघळ ऐन भरतीत मिळेल. पाणी घळीतून उंच उसळतं, कडेचा खडक निसरडा, लांबूनच बघा. मग तवसाळ-जयगड, गणपतीपुळे. चौथ्या दिवशी निवळीवरून हायवेला लागून परत.
आणि गाडी पुळणीवर घालू नका, ओल्या वाळूत रुतते. तोवर भरती येते.

खाडीकाठ: म्हणजे मालवण नाहीच? आणि बाबांचा गुडघा दुखतो, प्रदक्षिणेला पायऱ्या आहेत का?

नाखवा: आहेत, कपारीतून उतरणाऱ्या, उंच. बाबा देवळाजवळच बसू देत, समुद्र तिथूनही दिसतो. मालवणला सहा दिवस काढा.

कातळसडा: गणपतीपुळ्यापर्यंतच जा. आईंना द्वादशीला पारणं असेल, सकाळचं जेवण हरिहरेश्वरलाच लवकर सांगून ठेवा. ९च्या आत वेसवीची रांग लहान असते.

खाडीकाठ: हरिहरेश्वरची खोली मिळाली, अंगणात पॉवर पॉइंट आहे. गुहागरचे म्हणतात मोठा पॉइंट फक्त बाथरूममध्ये, गिझरचा. वायर खिडकीतून काढली तर?

विजेचा खांब: नको. ओल्या जागेतला पॉइंट, जोड जमिनीवर आणि रात्रभर १५ अँपिअर. वाडीला शिंपणाचा पंप असेल, त्याचा पॉइंट विचारा. पंप किती वाजता चालवतात तेही विचारा, दोन्ही एकदम नको.