मुलुंडला डोंगराच्या वाटेवर तारेचा फास सापडला, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आम्ही मुलुंड पश्चिमेला राहतो, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला अगदी लागून. काल सकाळी फिरताना आमच्या कुत्रीचा पाय झुडपात अडकला. वाकून पाहिलं तर दुचाकीच्या क्लचची तार! एक टोक झाडाच्या बुंध्याला आवळून बांधलेलं, दुसऱ्याला सरकगाठ. जनावर जितकं ओढेल तितकी गाठ घट्ट होते. पाय कसाबसा सोडवला, पण तारेत आधीपासूनच राखाडी केसांचा पुंजका होता. मुंगूस की उदमांजर, मला ओळखता येईना. रात्रभर डोळ्याला डोळा नाही.

असे फास बहुतेकदा रानडुकरासाठी लावतात, पण त्यात बिबट्याही अडकतो. मुंगसाला तर ब्रशच्या केसांसाठी मारतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात फास लावणं हीसुद्धा शिकारच आहे.

वनखात्याच्या १९२६ क्रमांकावर कळवलंय, फोटोही काढून ठेवलेत. आता विचारायचं आहे ते असं: बाकीचे फास शोधायचे कसे? पायवाटेलगत अशी गाठ लांबून कशावरून ओळखावी? दिसला तर आपण काढावा, की पुरावा म्हणून वनरक्षक येईपर्यंत तसाच ठेवावा? मला हात न लावणं बरोबर वाटतं, पण तोवर एखादं जनावर अडकलं तर?

शेजारचे काका म्हणतात, ‘कशाला नसत्या भानगडीत पडतेस?’ मला गप्प बसवत नाही. येऊर किंवा आरेकडे कुणी वनखात्यासोबत फास शोधायला गेलं असेल तर प्लीज सविस्तर लिहा. रविवारी सोबत येणारं कुणी असेल तर तेही सांगा.