छापील काठाच्या ड्रेसला हबेशा केमिस (इथिओपियन बायकांचा पारंपरिक ड्रेस) म्हणायचं का?

सूतवेडी: बाबा आदिस अबाबाला शिक्षक होते, तिथून त्यांनी आईला नेटेला आणलेला, अजून आहे. शालीसारखं अंगावर घ्यायचं दोन पदरी पांढरं सुती वस्त्र, इतकं विरळ की खालचा हात दिसतो, आणि काठाला विणलेली रंगीत नक्षी म्हणजे तिबेब. परवा इथिओपियन मैत्रिणीने नवा केमिस दाखवला, पॉलिस्टरचा, चायनातून आलेला, तिबेब चक्क छापलेला, उलटा केला तर मागून कोरा! याला हबेशा केमिस म्हणूच नये असं मला वाटतं.

मिलिंद७९: अजिबात पटलं नाही. ११ सप्टेंबरला त्यांचं नवीन वर्ष असतं, एन्कुटाटाश, त्या दिवशी तीन मुलींना हातमागाचे ड्रेस घेणं सगळ्यांना झेपतं का? आपल्याकडे सेमी पैठणी नेसणाऱ्या बाईला कोणी नावं ठेवतं का? स्वस्तात मिळतंय म्हणून तर नव्या पोरी अंगाला लावतायत.

सूतवेडी: सेमी पैठणी सेमी म्हणून विकली तर काहीच म्हणणं नाही, अस्सल म्हणून गळ्यात मारली तर आहे. आदिसच्या शिरो मेडा बाजारात हाच माल विणलेल्याच्या शेजारी लटकतो, आणि तिथले कितीतरी विणकर दक्षिणेकडच्या चेंचा डोंगरातले, दोर्झे समाजाचे. बायका टकळीवर सूत काततात, पुरुष खड्डामागावर पाय खाली सोडून विणतात, गाबी म्हणजे पांघरायची जाड शाल तर चार पदरी, म्हणजे कापड किती लागत असेल बघा. त्यांनी छपाईच्या भावाशी कसं भिडायचं?

कोल्हापुरी_माग: दोघांचं वाचलं, पण विणकराबद्दल बोलताना एक गोष्ट सुटतेय. तिथे विणकाम करणाऱ्याला पूर्वापार हलकं लेखलंय, कापड सणाला मिरवायचं आणि विणणाऱ्याला लांब ठेवायचं. शिवाय त्याच चेंचाकडच्या गामो भागातून लहान पोरं आदिसला आणून मागावर बसवल्याच्या तक्रारी कित्येक वर्षांच्या आहेत. हाताने विणलंय म्हणजे सगळं चांगलंच, असं मी तरी धरत नाही. आमच्या घरात माग होता, मजुरी कशी बुडते ते बघितलंय.

मिलिंद७९: हेच म्हणतोय मी, मग गरीब गिऱ्हाईकाला का झोडायचं?

सूतवेडी: पोरांचा मुद्दा शंभर टक्के मान्य, मी तो विचारच केला नव्हता. पण गिऱ्हाईकाला कुठे झोडतेय, दुकानदाराला म्हणतेय, छापील आहे तर छापील सांग. आनंदात नेटेल्याचा काठ खाली सोडतात आणि कोणी गेलं की तोच काठ वर, खांद्या-तोंडाशी घेतात, बघणाऱ्याला न विचारता कळतं. तो काठ कुणीतरी बसून विणलेला असतो, त्याची मजुरी त्याला मिळाली का, एवढंच विचारतेय.