बास्केटबॉलवर घर चालतं का? आणि बाहेरच्या देशात खेळायला मिळणं कितपत खरं?

सोलापूरची_आई

नमस्कार मंडळी, थोडं लांबलचक आहे, सांभाळून घ्या. मुलगा अकरावीत, उंची ६ फूट ४ इंच आणि बहुतेक अजून वाढतोय, कारण जूनमध्ये घेतलेली पँट दिवाळीला घोट्याच्या वर गेली. चार वर्षं बास्केटबॉल खेळतोय, स्टेटला जाऊन आला, आणि आता डोक्यात एकच, प्रोफेशनल व्हायचं, आधी इथे आणि मग ऑस्ट्रेलिया नाहीतर डायरेक्ट अमेरिका. दिवसभर मोबाइलवर त्या बास्केटबॉलवाल्या सतनाम सिंगचे व्हिडिओ. सासरे म्हणतात क्रिकेट असतं तर समजलो असतो. नवरा म्हणतो इंजिनिअरिंग कर आणि संध्याकाळी खेळ की, कोण नाही म्हणतंय. मला खेळातलं काही कळत नाही, पण दहावीला ज्याला तोंडावर पाणी मारून उठवावं लागायचं तो आता पहाटे पाचला आपला आपला उठून ग्राउंडला जातो हे दिसतंय.

तर विचारायचं असं की आपल्याकडे या खेळात पैसे नक्की येतात कुठून? आणि जे बाहेर गेले त्यांचं पुढे काय झालं? कृपया "स्वप्नांचा पाठलाग करू द्या" टाइप उत्तरं नकोत, ती इन्स्टावर बघते मी रोज.

जुना_पॉइंटगार्ड

ताई, मी स्पोर्ट्स कोट्यातून नोकरीला लागलेला माणूस आहे, खातं सांगत नाही. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात, नोकरी. आपल्याकडे बास्केटबॉलचा पगार लीगमधून येत नाही, तो रेल्वे, ओएनजीसी, आर्मी, पोलीस, इन्कम टॅक्स, बँका असल्या ठिकाणांहून येतो. तुम्ही कागदावर क्लार्क किंवा ऑफिसर, आणि खरं काम म्हणजे खात्याच्या टीमकडून खेळणं. सीनियर नॅशनल्सला रेल्वेची आणि सर्व्हिसेसची (म्हणजे सैन्यदलांची) टीम राज्यांच्या बरोबरीने उतरते ती म्हणूनच, आणि बायकांच्यात तर रेल्वे म्हणजे काय विचारू नका, सगळ्या चांगल्या पोरी तिकडेच.

गुडघा गेला तरी पगार चालू राहतो, हे लिहायला बरं वाटत नाही पण खरं आहे. माझा एसीएल, म्हणजे गुडघ्यातला लिगामेंट, २७ व्या वर्षी गेला, तेव्हापासून टेबलावर बसतोय. लीगवाला असतो तर घरी बसलो असतो.

लीग झाल्या की, नाही असं नाही. २०१५ ला यूबीए सुरू झाली, त्यात पुणे पेशवाज होती, मुंबई चॅलेंजर्स होती, अमेरिकेतून कोच आणि खेळाडू आणले, टीव्हीवर मॅचेस दाखवल्या, दोन-तीन वर्षांत गुंडाळली. मग २०२२ ला आयएनबीएल आली, त्यात मुंबई टायटन्स. या लीग काही आठवड्यांच्या असतात. मिळालेले पैसे म्हणजे बोनस समजायचा, त्यावर घराचा हप्ता लावायचा नाही.

विकी_ठाणे

सतनामबद्दल लिहितो कारण त्याचे व्हिडिओ अर्ध्यावर संपतात. म्हणजे एनबीएच्या (अमेरिकेतली सगळ्यात मोठी लीग) ड्राफ्टला, जिथे टीम नवीन खेळाडू निवडतात, नाव पुकारलं, टाळ्या, संपला व्हिडिओ. त्यानंतरचं कोणी दाखवत नाही.

बल्लो के म्हणून गाव आहे, पंजाबात बरनाला जिल्ह्यात, शेतकऱ्याचा मुलगा, बापही सात फुटांच्या वर. लहानपणीच लुधियानाच्या अ‍ॅकॅडमीत टाकला, तिथे डॉ. सुब्रमण्यम म्हणून कोच होते, आज आपण ज्यांची नावं घेतो त्यातले बरेच त्यांच्या हाताखालून गेलेत. २०१० ला स्कॉलरशिपवर फ्लोरिडाच्या आयएमजी अ‍ॅकॅडमीत, वय १४, इंग्रजी जवळपास शून्य. पाच वर्षं तिथे काढली. २०१५ च्या ड्राफ्टमध्ये ५२ व्या नंबरवर डॅलस मॅव्हरिक्सने घेतला, भारतात जन्मलेला पहिलाच. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं.

पण ड्राफ्ट म्हणजे नोकरी नाही हे लोकांना कळतच नाही! ड्राफ्ट म्हणजे फक्त त्या टीमचा तुमच्यावर पहिला हक्क. दुसऱ्या राउंडला घेतलेल्याला टीमने काँट्रॅक्ट द्यायलाच पाहिजे असं काही नसतं. सतनाम एनबीएची एकही ऑफिशियल मॅच खेळला नाही. तो खेळला डॅलसच्याच खालच्या टीमकडून, टेक्सास लेजेंड्स, डी-लीगमध्ये (एनबीएच्या खालची लीग), आणि तिथेही बहुतेक वेळ बेंचवरच. त्या वेळी डी-लीगचे पगार माहितीयत का, अख्ख्या सीझनला १३, १९ किंवा २५ हजार डॉलर, तीन ग्रेड. अमेरिकेत पिझ्झा पोचवणाराही एवढे काढत असेल. मग इथे येऊन यूबीए, मग कॅनडात न्यूफाउंडलंडला सेंट जॉन्स एज, मग २०१९ ला साउथ एशियन गेम्सच्या कॅम्पमध्ये डोप टेस्ट पॉझिटिव्ह आली, हायजेनामिन नावाचं द्रव्य जे सप्लिमेंट्समध्येही सापडतं, आणि दोन वर्षांची बंदी. बंदी संपता संपता तो अमेरिकेत ऑल एलिट रेसलिंगमध्ये कुस्तीला गेला.

मी त्याला फेल म्हणत नाही, ज्याला म्हणायचंय त्याने आधी १४ व्या वर्षी घर सोडून दाखवावं. पण तुमच्या मुलाला सांगा की ७ फूट २ इंच उंची आणि पाच वर्षं अमेरिकेतलं ट्रेनिंग असूनही असं झालं. आणि हो, जिममधल्या कुणीही दिलेली पावडर खायची नाही, नाडाच्या (डोपिंगवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) यादीशी ताडून बघितल्याशिवाय च्यवनप्राशसुद्धा नको.

सिडनीकर_पाटील

अमृतपाल सिंगचं नाव राहिलं. २०१७ ला आमच्या सिडनी किंग्जने घेतला होता, अँड्र्यू गेझ कोच होता तेव्हा. ऑस्ट्रेलियाच्या एनबीएलमध्ये खेळलेला पहिला भारतीय. तो सतनामच्या उलटा, बास्केटबॉलला लागलाच मुळात उशिरा. त्याआधी तो आणि अमज्योत सिंग दोघे जपानात टोकियो एक्सलन्सकडून खेळून आलेले. अमज्योत पुढे ओक्लाहोमा सिटी ब्लूमध्ये गेला, तीही जी-लीगच, म्हणजे डी-लीगचंच नवीन नाव.

मी होमबुशला (सिडनीतच) दोनदा गेलो होतो मॅचला, मुद्दाम त्याच्यासाठी. वॉर्म-अपला बघितला तर रिंगखाली सगळ्यांपेक्षा भारी, हात एकदम मऊ, हुक शॉट दोन्ही हातांनी. मॅच सुरू झाली आणि बसला बेंचवर. माझा मुलगा सारखा विचारतोय बाबा तो कधी येणार, बाबा तो कधी येणार. सीझनभर मिनिटं मोजकीच मिळाली त्याला. तिकडे परदेशी खेळाडूंच्या जागा ठरलेल्या असतात, तीन-चार, आणि त्या जागेवर टीमला अमेरिकन पाहिजे असतो जो रात्रीला २० पॉइंट टाकेल. म्हणजे भारतीय पोराची स्पर्धा फक्त ऑस्ट्रेलियन पोराशी नसते, त्या अमेरिकनशीही असते. हे गणित कुणी सांगत नाही.

पण याच लोकांनी २०१४ ला वुहानमध्ये, चीनच्या घरात, चीनला ६५-५८ ने हरवलंय बरं का! फिबा (बास्केटबॉलची जागतिक संघटना) एशिया कप. टीममध्ये विशेष भृगुवंशी, अमज्योत, अमृतपाल. आपल्या पेपरात चार ओळी आल्या असतील नसतील.

काटकोन_त्रिकोण

सासऱ्यांना सांगा क्रिकेटमध्ये ६ फूट ४ वाला फास्ट बॉलर होतो, अजून वेळ गेलेली नाही :)

जुना_पॉइंटगार्ड

@काटकोन, गप रे.

ताई, पाटीलदादांनी बरोबर सांगितलं, त्याला एक जोडतो, सगळ्यात महत्त्वाचं. तुमचा मुलगा कुठल्या पोझिशनला खेळतो? पैजेवर सांगतो सेंटर. आपल्याकडे शाळेत जो उंच तो रिंगखाली, कोच म्हणतो हात वर कर, बॉल धर, टाक. स्टेटपर्यंत चालतं. बाहेर ६ फूट ४ म्हणजे गार्ड, रिंगपासून लांब बॉल हाताळणारा, सरळ सरळ गार्ड. तिथला ६ फूट ४ वाला दोन्ही हातांनी ड्रिबल करतो, थ्री मारतो, समोरच्या चपळ पोराला डिफेन्समध्ये अडवतो. विशेष भृगुवंशी बघा, बनारसचा, साधारण याच उंचीचा, गार्ड, ओएनजीसीची नोकरी, भारताचा कॅप्टन राहिलेला, २०२० चा अर्जुन पुरस्कार, आणि अ‍ॅडलेडच्या क्लबनेही त्याला बोलावलं होतं. सतनाम नको, विशेषचे व्हिडिओ लावा म्हणावं.

आणि नोकरी आणि परदेश यात एकच निवडावं लागतं असं नाही. गीतू अ‍ॅना जोस, केरळची, सदर्न रेल्वेत नोकरीला, ती २००६ पासून तीन सीझन मेलबर्नजवळच्या रिंगवूड हॉक्सकडून खेळून आली, २०११ ला डब्ल्यूएनबीएच्या (अमेरिकेतली बायकांची लीग) तीन टीम्सनी ट्रायलला बोलावलं, निवड नाही झाली, परत आली, नोकरी होतीच. फक्त खात्याची सुट्टी आणि एनओसी मिळवणं हा वेगळा खेळ आहे. बाहेरचे सीझन आणि आपले नॅशनल्स नेमके थंडीतच येतात, साहेब म्हणतात आम्ही पगार कशाला देतो मग? माझा स्वतःचा एक अर्ज साहेबांच्या ट्रेमध्ये सात आठवडे पडून होता, वर चहाच्या कपाचा गोल डाग, तोवर तिकडच्यांनी दुसरा माणूस घेतला. मालदीवलाच जायचं होतं हो, फार लांब नाही. असो.

सोलापूरची_आई

सगळ्यांचे मनापासून आभार. सेंटरच आहे तो, पैज जिंकलात. अजून एक, मागच्या आठवड्यात एकाचा फोन आला, म्हणाला मी एजंट, युरोपात ट्रायल लावतो, आधी दीड लाख भरा, व्हिसा-जेवण-राहणं सगळं त्यात. मुलगा हवेत आहे.

जुना_पॉइंटगार्ड

नाही. नाही. नाही. खरा एजंट खेळाडूच्या काँट्रॅक्टमधून टक्केवारी घेतो, म्हणजे पोराला मिळालं तर त्याला मिळणार. आधी पैसे मागतो तो ट्रॅव्हल कंपनीवाला. फिबा एजंटांना लायसन्स देते, त्याच्याकडे नंबर मागा, बघा पुन्हा फोन येतो का. आणि एका देशातून दुसऱ्या देशात खेळायला जाताना आपल्या फेडरेशनचं क्लिअरन्स लेटर लागतं, त्याचं नाव काढलं का त्याने? नसेल काढलं तर कट. काँट्रॅक्ट खरंच आलं कधी, तर भांडण झाल्यास फिबाच्या लवादाकडे जाईल असं कलम आहे का तेवढं आधी शोधायचं. छोटे क्लब दोन महिन्यांनी पगार थांबवतात, असं ढिगाने घडतं.

आत्ताचं सांगतो. बारावी करू दे, मग ज्या युनिव्हर्सिटीची टीम ऑल इंडिया स्पर्धेला जाते तिथे अ‍ॅडमिशन, तिथेच खात्यांचे लोक पोरं हेरायला येतात. शाखा कुठलीही, मिस्टरांचं इंजिनिअरिंगसुद्धा चालेल.

विकी_ठाणे

+१. प्रिन्सपाल सिंगचं पण बघून ठेवा, ग्रेटर नोएडाच्या एनबीए अ‍ॅकॅडमीतून जी-लीग इग्नाइट या टीममध्ये (ती २०२४ ला बंद झाली), आणि २०२१ ला एनबीएच्या सॅक्रामेंटो किंग्जने समर लीग (एनबीएची उन्हाळी स्पर्धा) जिंकली त्या टीममध्ये होता. म्हणजे रस्ता आहे, अगदी बंद नाही. पण तो ६ फूट ९-१० आहे.

सोलापूरची_आई

एजंटला लायसन्स नंबर विचारला. "मॅडम पाठवतो" म्हणाला, तीन दिवस झाले. लेक दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. परवा रात्री जेवताना मीच सहज विचारलं, डाव्या हाताने बॉल आपटता येतो का रे तुला, तर घास हातात धरून बघतच राहिला, तुला कुणी सांगितलं हे म्हणून. आता रोज संध्याकाळी गच्चीवर फक्त डावा हात चाललाय. खालच्या मजल्यावरच्या काकू कालच वर येऊन गेल्या.