सभासदत्वाची यादी पुरेशी नाही

वीज कंपनीने आपण कोणत्या उद्योगसंघटनांचे सभासद आहोत ते छापलं की झाली पारदर्शकता, हे काहींचं म्हणणं मला पटत नाही. अमेरिकेच्या ओहायो राज्यात फर्स्टएनर्जी या वीज कंपनीचे सुमारे ६ कोटी डॉलर राजकारण्यांकडे गेले ते ‘जनरेशन नाऊ’ या ना-नफा संस्थेतून, आणि अशा संस्थांना देणगीदारांची नावं सांगायचं बंधनच नसतं. त्यातून २०१९ मध्ये ‘हाउस बिल ६’ हा राज्याचा कायदा आला: अणुप्रकल्पांना आणि दोन जुन्या कोळसा केंद्रांना ग्राहकांच्या बिलातून पैसे, वर अक्षय विजेचं उद्दिष्ट १२.५ टक्क्यांवरून ८.५ वर. हे बाहेर काढलं एफबीआयने, संचालक मंडळाने नाही!

आपल्याकडे शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीच्या बीआरएसआर अहवालात (मोठ्या नोंदणीकृत कंपन्यांनी आपल्या जबाबदार कारभाराबद्दल द्यायचा अहवाल) कंपनीने कोणत्या धोरणासाठी वकिली केली हा प्रश्न आहे, पण तो ऐच्छिक भागात. आधी तो सक्तीचा करा.