अ‍ॅडव्हेंचर रेसिंगची ओळख सांघिक खेळ म्हणून कशी करून द्यावी?

प्रश्न

डोंगर भटकणाऱ्या आणि सायकल चालवणाऱ्या मंडळींचा आमचा एक छोटा गट आहे. नवोदितांना अ‍ॅडव्हेंचर रेसिंगची गोडी लावावी, असा आमचा विचार आहे. मात्र पायी चाल, माउंटन बाइक, कयाक (वल्ह्याची छोटी, अरुंद नौका) आणि दोरावरची उतरण हे सारे एकाच शर्यतीत, तेही रात्रंदिवस, असे सांगितले की ऐकणारा एक तर आम्हाला वेड्यात काढतो, नाहीतर "मला एकट्याला जमेल का?" असे विचारतो. हा मुळात संघाचा खेळ आहे, हे लोकांच्या गळी कसे उतरवावे? चित्रफिती दाखवाव्यात, की थेट एखादी लहान शर्यत भरवावी?

प्रतिसाद १

चित्रफितींवर फार भिस्त ठेवू नये, असे मला वाटते. फ्रेंच पत्रकार जेरार फ्यूझिल यांनी 1989 मध्ये न्यूझीलंडमध्ये 'रेड गोलुआझ' ही शर्यत भरवली आणि 1995 मध्ये दूरचित्रवाणी निर्माते मार्क बर्नेट यांची 'इको-चॅलेंज' अमेरिकेतील यूटा राज्यात सुरू झाली. दूरचित्रवाणीमुळे हा खेळ घरोघरी पोहोचला हे खरे. परंतु प्रेक्षकांच्या लक्षात राहिले ते पायांचे फोड, रडारड आणि भांडणे. खेळाचा खरा गाभा कॅमेऱ्याला कंटाळवाणा वाटतो. रात्री दोनच्या सुमारास चौघे ओढ्याच्या फाट्याशी थांबलेले असतात. एक जण नकाशावर होकायंत्र ठेवून दिशा धरतो, दुसरा मागील चेकपॉइंटपासून (नकाशावर नेमून दिलेल्या, गाठायच्या ठिकाणापासून) किती वेळ चाललो ते सांगतो, तिसरी समोरची डोंगराची सोंड नकाशातील समोच्च (समान उंची दाखवणाऱ्या) रेषांशी जुळते का ते पडताळते आणि चौथा सर्वांच्या हातात खाऊ ठेवतो. सहसा जीपीएसला मनाई असल्यामुळे अशा पाच मिनिटांत शर्यत जिंकली किंवा हरली जाते, आणि एकट्याने पळणाऱ्याला या पाच मिनिटांची कल्पना चित्रफितीतून येणे कठीण आहे.

प्रतिसाद २

थेट शर्यतच भरवा, पण पहिल्याच वेळी कयाक आणि दोर आणू नका. त्यांना साहित्य लागते आणि बचावाची जाणकार माणसेही लागतात. ऑस्ट्रेलियात 1976 मध्ये आकाराला आलेल्या रोगेनिंगचा नमुना घ्यावा. त्यात संघाला नकाशा मिळतो, प्रत्येक चेकपॉइंटचे गुण ठरलेले असतात आणि दिलेल्या वेळेत कोणते गाठायचे, कोणते सोडायचे हे संघानेच ठरवायचे असते. पूर्ण स्पर्धा 24 तासांची असली तरी नवख्यांना चार-पाच तास पुरेत. मागे पडलेला संघही काही गुण घेऊनच परततो, त्यामुळे कोणी हिरमुसत नाही.

संघाबाबतचे नियम मात्र पहिल्या दिवसापासून कडक ठेवावेत. सर्वांनी ठरलेल्या अंतरात एकत्र राहायचे, वेळ शेवटच्या सदस्याची धरायची आणि कोणी माघार घेतली तर संघ क्रमवारीतून बाद. एवढे केले की सर्वांत वेगवान गडी आपोआप मागच्याची सॅक उचलतो. अनुभवी संघ तर दमलेल्या साथीदाराच्या सायकलला लवचीक दोरी बांधून तिला ओढत नेतात, आणि त्यात कोणालाही कमीपणा वाटत नाही.

प्रतिसाद ३

वरील मताशी सहमत आहे. फक्त एक भर घालतो. मोठ्या शर्यतींत बहुधा चौघांचा मिश्र संघ लागतो. प्रत्यक्षात तिघे पुरुष आधी जमतात आणि अर्ज भरण्याची मुदत संपत आली की "एक मुलगी हवी आहे" म्हणून फोनाफोनी सुरू होते. (हे वाचून काही जणांना ठसका लागेल.) अशा रीतीने आलेली स्त्री पुढच्या वर्षी परत येत नाही. सरावाच्या पहिल्याच दिवशी नकाशा तिच्या हाती द्या आणि तिने ठरवलेल्या वाटेने सर्वांनी चला.

प्रतिसाद ४

सुरक्षिततेविषयी कोणी लिहिले नाही. मलेशियातील साबा (बोर्निओ बेट) येथील 2000 च्या इको-चॅलेंजनंतर अनेक स्पर्धकांना लेप्टोस्पायरोसिस झाला आणि तपासात सेगामा नदीच्या पाण्याकडे बोट दाखवले गेले. त्यामुळे पाण्याचा टप्पा कधी आणलाच तर अंगावरील जखमा, पाण्याची स्थिती आणि रात्री नौकानयन बंद ठेवण्याची वेळ, हे सर्व आधीच लेखी ठरवावे. शिट्टी, हेडलॅम्प, प्रथमोपचाराचे साहित्य आणि मोहोरबंद (फक्त संकटातच उघडायचा) फोन प्रत्येक संघाकडे असलाच पाहिजे. सुरुवातीला ते तपासल्याशिवाय कोणालाही सोडू नये.

शक्य असल्यास प्रत्येक संघाला उपग्रह-ट्रॅकरही (संघ कुठे आहे ते नकाशावर ठिपक्याने दाखवणारे यंत्र) द्यावा. तो संयोजकांसाठी असतोच, शिवाय घरची मंडळी संगणकावर त्या ठिपक्याचा पाठलाग करतात आणि ठिपका भलत्याच दरीत शिरला की हळहळतात. यापेक्षा चांगली प्रसिद्धी मला तरी ठाऊक नाही.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. पाच तासांची, गुणांवर आधारित, पायी शर्यत घेण्याचे आम्ही ठरवत आहोत. नकाशा आदल्या रात्री द्यावा, की ऐनवेळी?

प्रतिसाद २

सुरुवातीच्या पाऊण तास आधी द्यावा. आदल्या रात्री दिल्यास एकच जाणकार सर्व मार्ग आखून मोकळा होतो. प्रत्येक संघाला दोन प्रती आणि एक जाड मार्कर द्या, म्हणजे चौघांनाही त्यावर वाकावे लागेल.